चहाच्या डोंगरांत सायकलीवरून

महाराष्ट्रात पाहुणा दारी आला, की त्याच्यापुढे प्रथम पाण्याचा तांब्या आणि पाठोपाठ चहाचा पेला येतो. शेताच्या बांधावर, एस.टी.च्या थांब्यावर, कचेरीतील मेजावर, कोठेही जा, चहावाचून कामाला हात लागत नाही. इतक्या जिव्हाळ्याच्या या पेयाविषयी आपली माहिती मात्र बेताचीच असते. ज्वारी कशी उगवते, ऊस कसा तोडतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. चहा मात्र आपल्याला भेटतो तो पुडीतच. ती पुडी कोणत्या मातीतून, कोणत्या हातांतून आणि किती चढउतार करून आपल्या घरी आली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

हा विचार करावयाचा असेल, तर चहाच्या मुलखात जावे आणि तेथे सायकलीवरून हिंडावे. मोटारीतून जाणाऱ्याला डोंगर खिडकीतल्या चित्रासारखा दिसतो. पायी चालणाऱ्याला तो नीट दिसतो, पण एका दिवसात फारसा दिसत नाही. सायकलस्वाराची गोष्ट निराळी. चढ आला, की त्याच्या मांड्यांना कळते. उतार आला, की त्याच्या कानांना कळतो. आणि थांबावेसे वाटले, की एक पाय जमिनीला टेकवण्याचाच काय तो अवकाश! डोंगराची उंची डोळ्यांऐवजी अंगाने मोजण्याचे असे दुसरे साधन नाही. केरळातील मुन्नार या गावापासून टॉप स्टेशन या ठिकाणापर्यंतचा रस्ता सुमारे ३२ किलोमीटरांचा आहे. जानेवारीतील एका दिवशी माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांसह मी तो सायकलीवरून गेलो आणि आलो. त्या वाटेवर जे पाहावयास व समजून घ्यावयास मिळाले, ते येथे क्रमाने सांगतो.

मुन्नार आपल्याला वाटते तितके परके नाही. आपला सह्याद्रीच दक्षिणेकडे चालत चालत कर्नाटकातून केरळात जातो. पालघाटच्या खिंडीशी त्याची रांग तुटते आणि खिंडीपलीकडे ती पुन्हा उभी राहते, ती अधिकच उंच होऊन. मुन्नारजवळचे अनैमुडी हे शिखर २६९५ मीटर उंच असून दक्षिण भारतात त्याहून उंच शिखर नाही. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १६४६ मीटरांचे. मुन्नारचा बाजार जवळजवळ तितक्याच उंचीवर भरतो! आपण जेथे देवीच्या दर्शनासाठी वर्षातून एकदा शिड्यांवरून धापा टाकीत चढतो, तेवढ्या उंचीवर तेथील मुले रोज दप्तर घेऊन शाळेत जातात.

एक फरक मात्र प्रथमदर्शनीच जाणवतो. आपले डोंगर काळ्या बेसाल्ट खडकाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि त्यांतूनच आपल्या सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे आणि सपाट माथे घडले. मुन्नारचे डोंगर त्याहून कितीतरी प्राचीन अशा ग्रॅनाइट व नाइस या खडकांचे आहेत. त्यामुळे त्यांचे माथे सपाट नसून घुमटासारखे गोल आहेत. गावाच्या नावाचा अर्थही सोपा आहे. ‘मून्नु’ म्हणजे तीन आणि ‘आरु’ म्हणजे नदी. मुदिरपुळा, नल्लतण्णी आणि कुंडळा या तीन नद्यांचा जेथे संगम होतो, ते मुन्नार.

पहाटे साडेसहाला आम्ही निघालो, तेव्हा थंडीने बोटे ब्रेकवर वळत नव्हती. खोलगट भागातील गवतावर पांढरा थर दिसत होता. ते दव नव्हते, हिम होते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. तिच्यालगतची हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते. म्हणून उंचावरच्या उतारापेक्षा दरीचा तळच अधिक थंड होतो. जानेवारीत मुन्नारच्या काही दऱ्यांत पारा शून्याखालीही उतरतो. अशा रात्री चहाच्या कोवळ्या पानांतील पाणी गोठते आणि दुसऱ्या दिवशी ऊन लागताच ती करपून काळी पडतात. थंडी चहाला मानवते. परंतु तिलाही मर्यादा असावी लागते.

मग चहाला मानवते तरी काय? त्याला पाऊस भरपूर हवा, पण मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. माती आम्लधर्मी हवी. हवा दमट आणि फार उष्ण नसलेली हवी. डोंगराच्या उतारावर या सर्व गोष्टी एकत्र येतात. पाऊस पडतो आणि वाहूनही जातो. येथे कोणी विचारील, की आपल्या महाबळेश्वरावर पाऊस काय थोडा पडतो? तेथे चहाचे मळे का नाहीत? त्याचे एक मोठे कारण असे. महाबळेश्वरावर पाऊस उदंड पडतो, परंतु तो बहुतेक चार महिन्यांतच पडून जातो आणि पुढे बरेच महिने कोरडे जातात. मुन्नारला नैर्ऋत्य मोसमी पाऊस जून ते सप्टेंबरात मिळतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा ईशान्य मोसमी पाऊसही मिळतो. चहाचे झुडूप बारमाही आहे. त्याला एकदाच पोटभर मिळण्यापेक्षा वर्षभर थोडेथोडे मिळणे अधिक हिताचे असते. अभ्यासाचेही असेच नाही काय?

गाव सोडताच चढ लागतो. येथे सायकलीचे गिअर कामास येतात. त्यांचे गणित सोपे आहे. पॅडलजवळच्या चक्रास ३२ दाते असून मागच्या चाकाच्या चक्रास १६ असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोन फेरे घेते. सपाटीवर हे उत्तम. परंतु चढावर तेवढा जोर लावता येत नाही. मग साखळी मागच्या मोठ्या, समजा ३२ दात्यांच्या, चक्रावर घ्यावी. आता पॅडलच्या एका फेऱ्यात चाक एकच फेरा घेते. पायाला लागणारा जोर निम्मा होतो, पण तेवढेच अंतर कापण्यासाठी पाय दुप्पट वेळा फिरवावे लागतात. म्हणजे गिअरने काम कमी झाले असे नाही. ते फक्त अधिक हप्त्यांत वाटले गेले.

रस्ता बांधणारा अभियंताही हीच युक्ती करतो. शंभर मीटर उंची गाठावयाची आहे आणि दर पाच मीटर अंतरास एक मीटर चढ ठेवला, तर रस्ता पाचशे मीटरांत संपेल. पण त्यावरून चढणार कोण? तोच चढ दर वीस मीटरांस एक मीटर ठेवला, तर रस्ता दोन किलोमीटरांचा होतो आणि बैलगाडीही त्यावरून जाऊ शकते. घाटाची नागमोडी वळणे ही शोभेसाठी नसतात. चढाची वाटणी करण्यासाठी असतात. उंची कोणालाही फुकट मिळत नाही. तिची किंमत एकरकमी द्यावयाची की हप्त्याहप्त्याने, एवढेच आपल्या हाती असते. हा नियम ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा उपयोगी पडेल.

सूर्य वर आला आणि धुके विरले, तसे दोन्ही बाजूंचे मळे स्पष्ट दिसू लागले. डोंगरांवर हिरव्या मखमलीचे तुकडे शिवावेत आणि त्यांतून शिवणीसारख्या पायवाटा काढाव्यात, तसे ते दृश्य असते. मात्र ही मखमल निसर्गाने विणलेली नाही. चहाचे झाड मोकळे सोडले, तर ते आठ-दहा मीटर उंच वृक्ष होते. दर चारपाच वर्षांनी छाटणी करून त्याला माणसाच्या कमरेएवढे ठेवतात. वाढू पाहणाऱ्या झाडाला वर जाऊ दिले नाही, की ते आडवे पसरते आणि पुन्हा पुन्हा नवे अंकुर फोडते. ते अंकुर म्हणजेच मळ्याचे पीक. नीट निगा राखलेले झुडूप शंभर वर्षांनंतरही पान देत राहते. झुडपांच्या ओळी उताराला आडव्या लावतात, म्हणजे पावसाचे पाणी सरळ धावत जाऊन माती नेत नाही. मधूनमधून उभे असलेले उंच वृक्ष ‘सिल्व्हर ओक’चे. ते मूळचे ऑस्ट्रेलियातील असून सावलीसाठी व वारा अडवण्यासाठी लावलेले असतात.

फांदीच्या टोकाची मिटलेली कळी आणि तिच्याखालची दोन कोवळी पाने एवढाच भाग उत्तम चहासाठी खुडतात. चहाला चव, रंग व तरतरी देणारी द्रव्ये त्या भागात सर्वांत अधिक असतात. तमिळ भाषेत या कोवळ्या पानांना ‘कोळुंदु’ म्हणतात. हंगामात एकाच झुडपाची खुडणी आठपंधरा दिवसांनी पुन्हा करावी लागते. उशीर झाला, तर पान जून होते. पूर्वी सगळी खुडणी बोटांनीच होई. आता अनेक ठिकाणी पान झेलण्याची तबकडी लावलेली मोठी कात्री वापरतात, आणि कोठे कोठे यंत्रेही आली आहेत. तरीही उतारावर पाय रोवून, पाठीवर ओझे घेऊन दिवसभर उभे राहण्याचे काम माणसालाच करावे लागते, आणि ते बहुतांशी स्त्रियाच करतात.

तेरा किलोमीटरांवर माट्टुपेट्टी येते. येथे धरण आहे आणि पुढे आणखी वर कुंडळा येथेही धरण आहे. या दोन्ही जलाशयांतले पाणी मुन्नारखालच्या पल्लिवासल वीज केंद्रासाठी साठवले जाते. १९४० साली सुरू झालेले हे केरळातील पहिले जलविद्युत केंद्र होय. डोंगर चढताना आपण उंचीची किंमत देतो. डोंगरावरून उतरताना पाणी तीच किंमत विजेच्या रूपाने परत करते.

या रस्त्याच्या कडेने एके काळी आगगाडी धावत होती, हे सांगितले तर आज कोणास खरे वाटणार नाही. १८७७ साली जॉन डॅनियल मन्रो या इंग्रज माणसाने पूंजारच्या राजघराण्याकडून हा डोंगराळ मुलूख पट्ट्याने घेतला. आरंभी येथे सिंकोना, कॉफी अशी निरनिराळी पिके करून पाहण्यात आली. १८८० च्या सुमारास चहाची लागवड झाली आणि पुढे चहाच टिकला. पण पिकलेला चहा खाली न्यावयाचा कसा? प्रथम बैलगाड्या होत्या. १९०२ साली एका रुळाची गाडी आली. तिची छोटी चाके रुळावर असत, तोल सांभाळण्यासाठी एक मोठे चाक रस्त्यावर असे आणि ओढावयास बैल असत! १९०८ साली तिच्या जागी वाफेच्या इंजिनाची अरुंद रुळांची छोटी रेल्वे झाली. मुन्नारहून माट्टुपेट्टी व कुंडळा यांवरून ती टॉप स्टेशनपर्यंत जाई. तेथे कडा तुटलेला. आगगाडी काही कडा उतरू शकत नाही. म्हणून चहाच्या पेट्या दोरमार्गाने हवेतून खाली तमिळनाडूच्या पायथ्याशी उतरवीत. जेथून दोरमार्ग सुटे ते टॉप स्टेशन आणि जेथे तो पोहोचे ते बॉटम स्टेशन. तेथून चहा बोडिनायकनूरकडे आणि पुढे समुद्रापार जाई.

ही रेल्वे अवघी सोळा वर्षे जगली. १९२४ च्या जुलैमध्ये केरळात महापूर आला. मल्याळी पंचांगाप्रमाणे ते १०९९ वे वर्ष असल्यामुळे तेथील वृद्ध माणसे त्याला ‘नव्व्याण्णवचा पूर’ म्हणत. कित्येक दिवस पाऊस थांबला नाही. दरडी कोसळल्या, पूल वाहून गेले, रूळ उखडले गेले. रेल्वे पुन्हा कधीच बांधली गेली नाही. मुन्नारचे रेल्वे स्थानक मात्र इमारत म्हणून उरले आणि पुढे चहा कंपनीची कचेरी झाले. पुरानंतर माणसांनी मळे सावरले, कारखाने उभारले. परंतु डोंगराने एकदा दिलेली सूचना कायमची असते, हे मात्र लोक विसरतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात पुन्हा महापूर आला, तेव्हा मुन्नारही दरडींतून सुटले नाही.

कुंडळ्याच्या अलीकडे पानांचे वजन करण्याच्या जागी आम्ही दम खात थांबलो. पोत्यांच्या ओळीशेजारी खुडणीवाल्या बाया आपापल्या वजनाची वाट पाहत बसल्या होत्या. माझ्या एका विद्यार्थ्यास तमिळ चांगले येते. हा मुलूख केरळ राज्यात असला, तरी मळ्यांतील बहुतेक कामगारांची भाषा तमिळ आहे. त्याने एका वयस्क बाईला ‘अक्का’ अशी हाक मारली. मोठ्या बहिणीसाठी हा शब्द आपल्याकडेही आहे. तो कानी पडताच मला परमुलखात असल्यासारखे वाटेना.

मी विचारले, ‘‘अक्का, सर्वांत चांगले पान कोणत्या दिवसांत येते?’’

ती म्हणाली, ‘‘पावसाळ्यात, अय्या. पाऊस पडला, की झुडूप हाताला पुरत नाही. पण पाऊस लागून राहिला, की रात्री आम्हांला झोप येत नाही. डोंगराचा आवाज ऐकत बसतो.’’

हे उत्तर समजण्यासाठी थोडा इतिहास माहीत हवा. जंगल तोडून मळे उठवण्यासाठी डोंगरावर माणसे नव्हती. ती तमिळ प्रदेशाच्या कोरड्या जिल्ह्यांतून आणली गेली. दुष्काळाने आणि कर्जाने गांजलेल्या कुटुंबांना आगाऊ रक्कम देऊन वर आणणाऱ्या मुकादमाला ‘कंगाणी’ म्हणत. आगाऊ घेतलेली रक्कम फेडता फेडता माणसाचे आयुष्य सरे. थंडी, ताप, पाऊस आणि श्वापदे यांनी कित्येक दगावले. आपण ज्याला रम्य देखावा म्हणतो, तो या अनाम माणसांनी तयार केलेला आहे. मन्रो साहेबाचे नाव इतिहासात राहिले. झुडूप लावणाऱ्या हाताचे नाव कोठेही लिहिलेले नाही.

कामगारांना राहण्यासाठी मळ्यांत एकाला एक लागून बांधलेल्या बुटक्या खोल्यांच्या ओळी असतात. त्यांना ‘लयम’ म्हणतात. स्वतंत्र भारतात १९५१ साली मळ्यांतील कामगारांसाठी कायदा झाला आणि घर, पाणी, दवाखाना, पाळणाघर, मुलांचे शिक्षण यांची जबाबदारी मालकांवर आली. परिस्थिती पुष्कळ सुधारली. पण घर हे नोकरीबरोबर येणारे आणि नोकरीबरोबर जाणारे राहिले. आयुष्यभर डोंगरावर राबलेल्या माणसाला डोंगरावर स्वतःची म्हणावी अशी हातभर जमीन बहुधा नसते.

२०१५ च्या सप्टेंबरात मुन्नारच्या खुडणीवाल्या स्त्रियांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्या वेळी त्यांची रोजची मजुरी २३२ रुपये होती आणि त्या वर्षीचा बोनस कमी करून दहा टक्क्यांवर आणला होता. तेव्हा हजारो स्त्रिया, कोणत्याही पक्षाचे वा जुन्या कामगार संघटनेचे पुढारीपण न स्वीकारता, मुन्नारच्या रस्त्यावर येऊन बसल्या. त्यांनी आपल्या एकजुटीला ‘पेंबिळै ओरुमै’ असे नाव दिले; त्याचा अर्थच ‘स्त्रियांची एकी’. नऊ दिवसांनी, बोनस आणि सानुग्रह रक्कम मिळून वीस टक्के देण्याचे ठरले. पुढे मजुरीही वाढली, जरी त्यांनी मागितलेल्या पाचशे रुपयांपर्यंत ती तेव्हा पोहोचली नाही. ज्यांना कधी कोणी बोलू दिले नव्हते, त्या बोलल्या आणि साऱ्या देशाने ऐकले, हे त्या लढ्याचे खरे फळ.

आणि दुसरी तारीख ६ ऑगस्ट २०२०. मुन्नारजवळ राजमलै भागात पेट्टिमुडी नावाची वस्ती होती. त्या रात्री मुसळधार पावसात वरचा डोंगर सुटला आणि झोपलेल्या लयमांवर आला. सत्तर माणसे गेली. वीज व दूरध्वनी बंद पडल्यामुळे बाहेरच्या जगाला सकाळपर्यंत पत्ताही लागला नाही. दरड का कोसळते? उतारावरची माती तिच्या कणांतील घर्षणाने आणि झाडांच्या मुळांनी धरलेली असते. दिवसेंदिवस पाऊस पडला, की मातीत पाणी भरते. तिचे वजन वाढते आणि कणांची एकमेकांवरील पकड सुटते. मग एका क्षणी सारा उतार खाली येतो. म्हणून घरे कोठे बांधावीत आणि किती पाऊस झाला म्हणजे ती रिकामी करावीत, हा ज्ञानाचा प्रश्न आहे. पण त्याआधी तो माणसाच्या जिवाची किंमत ओळखण्याचा प्रश्न आहे. अक्का रात्री कशाचा आवाज ऐकत बसते, ते आता निराळे सांगावयास नको.

कुंडळ्यापुढे रस्ता अधिक चढाचा आणि अधिक एकाकी होतो. या भागात रानहत्ती पाण्यावर येतात. म्हणून येथे सायकलस्वाराने शांतपणे जावे, हत्ती दिसल्यास दूरच थांबावे आणि त्याला वाट द्यावी. जेथे चढ माझ्या पायांना झेपला नाही, तेथे मी उतरून सायकल हाताने ढकलली. त्यात कमीपणा कसला? ढकलणाऱ्यालाही डोंगर पोहोचवतो.

दुपारी टॉप स्टेशनला पोहोचलो. येथे केरळ संपून तमिळनाडू सुरू होतो, आणि तो फरक नकाशाशिवायही दिसतो. पश्चिमेकडे हिरवे, ओले डोंगर. पूर्वेकडे खोल कडा आणि त्याखाली थेनी जिल्ह्याची उन्हात पसरलेली कोरडी सपाटी. नैर्ऋत्येचे ढग पश्चिम उतारावर आपले पाणी रिते करतात आणि पलीकडे जवळजवळ रिकामे जातात. महाबळेश्वर व माणदेश यांच्यात जे नाते, तेच येथेही आहे. ज्या कोरड्या सपाटीतून माणसे चहाच्या मळ्यांत आली, तीही येथूनच दिसते. पाऊस डोंगराने अडवला, म्हणून पोटासाठी माणसे डोंगरावर चढली!

तेथील टपरीवर आम्ही चहा घेतला. या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे पंचाण्णव अंशांवरच उकळते. म्हणून चहावाला तो थोडा अधिक वेळ उकळतो. भूगोल आणि भौतिकशास्त्र एका पेल्यात असे एकत्र येतात.

परतताना उतार लागला. उतारावर पाय मोकळे राहतात, परंतु मनाने सावध असावे लागते. चढताना साठवलेली शक्ती आता वेगाच्या रूपाने परत मिळते आणि तो वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरतो. ब्रेक सतत दाबून धरल्यास ते तापतात व निकामी होऊ लागतात. म्हणून दोन्ही ब्रेक मधूनमधून दाबावेत, वळणाच्या आधीच वेग कमी करावा आणि आपली डावी बाजू सोडू नये.

मळ्यांच्या मधल्या घळींत गर्द झाडीचे पुंजके दिसतात. त्यांना ‘शोला’ म्हणतात. पूर्वी या डोंगरांवर घळींत शोला आणि माथ्यावर गवत, अशीच रचना होती. गवत व शोला पावसाचे पाणी धरून ठेवीत आणि उन्हाळ्यात झऱ्यांतून हळूहळू सोडीत. चहाने त्यांची पुष्कळ जागा घेतली. जे राहिले, त्यातील मोठा भाग अनैमुडीभोवती असून १९७८ साली त्याचे एरविकुलम राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे निलगिरी ताहर ही डोंगरी रानशेळी निर्धास्त चरते. तेथेच नीलकुरिंजी नावाचे झुडूप बारा वर्षांतून एकदा फुलते आणि सारे डोंगर निळे करून टाकते. २००६ व २०१८ साली ते फुलले होते. त्या क्रमाने पुढचा बहर २०३० साली यावयाचा आहे.

खुडलेल्या पानाचा चहा कसा होतो, तेही येथे सांगणे अवश्य आहे. कारखान्यात पाने प्रथम हवेच्या झोताखाली पसरून कोमेजू देतात. मग ती यंत्रात पिळून, चिरडून, बारीक केली जातात. पानांच्या पेशी फुटून त्यांतील रस हवेशी मिळतो आणि कापलेले सफरचंद तांबूस पडते, तशी पाने तांबूस होऊ लागतात. याला ‘आंबवणे’ म्हणण्याची रीत आहे. पण यात दह्यासारखे सूक्ष्म जंतूंचे काम नसते. हवेतील प्राणवायूशी होणारी ती क्रिया आहे. रंग आणि गंध हवा तितका आला, की गरम हवेने पाने वाळवतात आणि ती क्रिया थांबते. शेवटी चाळण्यांतून भुकटी, दाणे व पाने वेगवेगळी केली जातात. पाने आधीच तापवून ही क्रिया होऊच दिली नाही, तर तोच हिरवा चहा. झाड एकच; फरक फक्त कृतीचा.

सुमारे साडेचार किलो हिरव्या पानांपासून एक किलो चहा होतो. एका पेल्यास दोन ग्रॅम चहा धरला, तर त्यासाठी नऊ ग्रॅम पाने खुडावी लागतात. घरात चार माणसे प्रत्येकी दोन वेळा चहा घेत असतील, तर त्या एका घरासाठी वर्षाला सव्वीस किलोंहून अधिक पान कोणीतरी, कोठेतरी, उतारावर उभे राहून खुडते. आपण त्याची किंमत दुकानदारास देतो आणि आपले देणे फिटले असे समजतो.

परंतु मघाशी पाहिलेला नियम आठवावा: उंची कोणालाही फुकट मिळत नाही. सायकलीवरून चढताना तिची किंमत स्वतःच्या पायांनी चुकवावी लागते, म्हणून ती कळते. आपल्या पेल्यातील चहाच्या उंचीची किंमत मात्र दुसरेच कोणी चुकवीत असते. पाठीवरच्या ओझ्याने, भिजलेल्या अंगाने, कधी पावसाळी रात्रीच्या भीतीने. चहा सोडून दिल्याने ते ऋण फिटणार नाही. उलट त्या हातांचे काम जाईल. त्यांना पुरेशी मजुरी, पक्क्या जागी घर आणि मुलांना चांगली शाळा मिळावी, असे ज्यांना मनापासून वाटते, अशा नागरिकांची संख्या वाढल्यानेच ते फिटेल. तुम्ही उद्याचे अभियंते, भूगर्भशास्त्रज्ञ, शिक्षक, अधिकारी आणि मतदार आहात. दरडीची सूचना आधी देणारे यंत्र तुमच्यापैकी कोणी बसवील, लयमाऐवजी सुरक्षित घराचा आराखडा कोणी काढील, कायदा झाला असेल तर तो पाळला जातो की नाही, हे कोणी पाहील. त्याची सुरुवात आज एवढ्यानेच करता येईल, की समोर आलेली वस्तू कोठून आली आणि कोणाच्या हातांनी आली, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

स्वाध्याय

१. महाबळेश्वरावर भरपूर पाऊस पडूनही तेथे चहाचे मळे का नाहीत?
२. ‘गिअरने काम कमी झाले असे नाही, ते फक्त अधिक हप्त्यांत वाटले गेले.’ हे विधान उदाहरणाने स्पष्ट करा.
३. टॉप स्टेशन हे नाव कशावरून पडले?
४. अक्काच्या उत्तरातील ‘डोंगराचा आवाज ऐकत बसतो’ या शब्दांचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या घरी रोज वापरल्या जाणाऱ्या एका वस्तूचा शेतापासून घरापर्यंतचा प्रवास वीस ओळींत लिहा.